पितळेवरचा अंगठा

१

दुपारचं जेवण झालं की पुष्पा पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवी व्हायची आणि मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. निवृत्त झाल्यापासून हा नेमच झाला होता. वीज मंडळात सारी नोकरी फॉल्ट शोधण्यात गेली. कुठे तार तुटली, कुठे पाणी शिरलं, कुठे चिमणीने घरटं केलं, हे शोधून काढायचं. ती सवय घरी बसल्यावर सुटत नाही. आधी मी आमचे पंखे उघडले, मग मिक्सर, मग शेजाऱ्यांचे मिक्सर. पुष्पा म्हणायची, "आता जळगावात उघडायचं काही उरलं नाही बघा."

अक्काचं घड्याळ मात्र उरलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुरपदाबाई. आमची आई माझ्या वेळच्या बाळंतपणातच गेली. मला अक्कानेच वाढवलं, तीही तेव्हा परकरातलीच पोर होती. लग्न होऊन धुळ्याला गेली तर मलाही शाळेसाठी घेऊन गेली, आणि सोबत वडिलांचं घड्याळही. भिंतीवरचं, सागवानी पेटीचं, तिच्या जन्माच्याही आधीपासून घरात असलेलं. तबकडीवर काचेचं गोल दार आणि त्या काचेला सगळीकडून धरणारी पितळेची रुंद, गोल कडी. कडीच्या काठाला अंगठा लावून दार ओढायचं आणि आत किल्ली फिरवायची. तेवढं काम अक्का दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

यंदा होळीनंतर मी धुळ्याला गेलो तेव्हा अक्काचं विसरणं वाढलं होतं. तिथे देवपूर भागात मुलाकडे, प्रेमराजकडे, ती राहते. प्रेमराज कामावर होता. त्याच्या बायकोने, दिपमालाने, मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "मामा, आई दिवसभर त्या घड्याळाचं दार उघडतात अन् लावतात. स्टुलावर चढतात. परवा पडता पडता वाचल्या. थोडे दिवस तुम्ही घेऊन जा ना ते."

मला ते पटलं. पितळ काळवंडलं होतं, पेटीवरच्या छोट्या कळसांना हिरवट गंज चढला होता. मी अक्काजवळ बसून म्हणालो, "अक्का, घड्याळ घासून पुसून आणतो. पार नवं करतो."

तिने कडीवर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"चकचकीत करीसन लई येशी ना?"

"आणतो की. आखाजीच्या आत आणतो."

"आखाजीले लई ये," ती म्हणाली. "मी वाट दखस, अभ्या."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आणि अभ्या म्हणजे मी, अभिमन. आता या नावाने हाक मारणारं तिच्याशिवाय कुणी राहिलं नव्हतं.

२

पितळेच्या कामातला मी अगदी नवशिक्या. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, पुन्हा मागे न्यायचा. सुभाष चौकातून पॉलिशची डबी आणली, मऊ कापड आणलं, बारीक पॉलिश पेपर आणला. घड्याळाचं यंत्र काढून एका खोक्यात ठेवलं. रिकामी पेटी कॉटवर भिंतीला टेकवून उभी केली. तबकडीच्या जागी नुसतं गोल भोक राहिलं. पितळेचे भाग टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले: दाराची कडी, बिजागऱ्या, दोन छोटे कळस, लंबकाची चकती.

सुरुवातीला सगळ्या चुका केल्या. कळस चिंचेच्या कोळात भिजत ठेवून विसरलो, ते तांब्यासारखे गुलाबी पडले. चकतीवर जाड पेपर घासला, तिला चरे पडले. पण हात हळूहळू बसत गेला. काळ्या थराखालून पिवळा ठिपका उमटतो, तो पसरत जातो, आणि एकदम त्यात खिडकी दिसायला लागते. त्याची मला चटकच लागली. पुष्पाने चहासाठी हाक मारली तरी "आलो, आलो" म्हणत मी तिथेच बसायचो.

कडी शेवटी घेतली. तिच्या उजव्या काठाला एक डाग होता. बाकी कडी सारखी तपकिरी झाली होती, हा त्याहून गडद, धातूत मुरलेला. बोट फिरवलं तर खळगा नाही, काही नाही. चष्मा वर करून पाहिलं तर तो अंगठा होता. त्याच्या रेघा दिसत होत्या आणि त्या रेघांना मधून कापत गेलेली एक तिरपी चीर.

ती चीर मी ओळखली. अक्काच्या उजव्या अंगठ्यावर विळीची खूण आहे. मी तान्हा होतो, झोळीत रडत होतो, मला उचलायच्या घाईत भाजी चिरताना तिचा अंगठा कापला. हे तिने इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. "तुनी निशाणी शे रे ही," असं म्हणायची.

इतक्या वर्षांचा अंगठा एकाच जागी पडत गेलेला. क्षणभर माझा हात थांबला खरा. पण व्हिडिओतला माणूस सांगत होता की डाग राहिला तर वर लॅकरचा, पारदर्शक लेपाचा, हात एकसारखा बसत नाही. मी पॉलिश घेतलं आणि घासायला लागलो. चिवट होता. दंड दुखायला लागला तेव्हा कुठे गेला.

संध्याकाळी मी धुळ्याला फोन लावला. दिपमालाने फोन अक्कासमोर धरला. अक्का हसली, घड्याळाचं विचारलं. मी म्हणालो, "थांब, पुष्पाशी बोल."

"पुष्पा कोन?" अक्का म्हणाली.

पुष्पा शेजारीच होती. तिने हसून वेळ मारून नेली. पण पुष्पाला यावलला जाऊन पाहून आलेली, पसंत केलेली अक्काच होती. लग्नानंतर पहिली साडीही तिनेच घेतली होती. फोन ठेवल्यावर पुष्पा पदराशी चाळा करत बसून राहिली.

३

दुसऱ्या दुपारी कडी पालथी घालून ठेवली होती ती उलटली, आणि काठावर अंगठा होता.

मला भीती वाटली नाही. राग आला. एवढं घासून मीच घामाच्या हाताने धरली असणार. पितळ घाम लगेच पकडतं, हे व्हिडिओतही सांगितलं होतं. मी माझा अंगठा शेजारी दाबून पाहिला. माझा रुंद, चपटा. डागातला अरुंद, आणि त्यात तिरपी चीर.

मग दुसरं कारण शोधलं. डाग खोल मुरला असेल, वरचा थर गेल्यावर आतला वर येत असेल. भिंतीतली ओल रंग दिल्यावर पुन्हा फुटते, तसं. हे मला पटलं. फॉल्ट कळला की माणूस शांत होतो. मी जाड पेपर घेतला, मग बारीक, मग पॉलिश. काठ आरशासारखा झाला.

त्या संध्याकाळी अक्काला भाऊजींचं नाव आठवेना. ते जाऊन बरीच वर्षं झालीत, पण त्यांचा फोटो तिच्या खाटेसमोरच आहे. दिपमाला म्हणाली, "मामा, फोटोकडे बोट करून मलाच विचारत होत्या, हा पाव्हना कधीचा बसला आहे म्हणून."

या वयात हे व्हायचंच, मी मनात म्हणालो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी होत नाही, हे मी नोकरीत कितीदा लाइनमनना समजावलं होतं.

४

मी रबराचे हातमोजे आणले. मागच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवू लागलो. पुष्पाला म्हटलं धूळ बसते. तिने विचारलंही नाही.

डाग येतच राहिला. रोज नाही. कधी काठावर, कधी कडीच्या आतल्या बाजूला, जिथे दार लावलेलं असताना बोट पोहोचणार नाही. मी तो घासायचो. आता घासताना हात जरा जास्तच जोराने चालायचा.

आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. बाहेर ऊन इतकं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. पुढच्या खोलीतून कूलरची घरघर येत होती. मी मान खाली घालून बिजागरी घासत होतो. कॉटवरून आवाज आला. टक.

घड्याळाचं दार लावताना होतो तो आवाज. कडी खाचेत बसते तो. लहानपणी झोपेत असतानाही तो मला कळायचा. अक्का चावी देऊन दार लावायची आणि मग माझ्या अंगावरची गोधडी नीट करायची.

मी पाहिलं. पेटी कॉटवर होती. तिच्यावर दार नव्हतं. दाराची कडी माझ्या समोर टेबलावर पडलेली होती. पेटीचं गोल भोक माझ्याकडे बघत होतं आणि त्यात आतलं लाकूड दिसत होतं, बाकी काही नाही.

लाकूड तापलं की वाजतं. सागवानही वाजतं. मी पेटीला टिचक्या मारून पाहिल्या, वेगवेगळ्या जागी. तो आवाज काही निघाला नाही.

त्याच सुमाराला दिपमालाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "मामा, एक विचारू का? आईंच्या बोटांना सारखं काळं लागतं. मी धुते, दुपारी झोपून उठल्या की परत काळं. वासही येतो, तांब्या-पितळेसारखा. आमच्याकडे तर आता पितळेचं भांडंच नाही. सगळं मोडीत दिलं."

"खाटेचं लोखंड धरत असेल," मी म्हणालो.

"खाट लाकडाची आहे, मामा."

मी म्हणालो की मग औषधाने होत असेल. डॉक्टरांना विचार. मग तिने विचारलं, "घड्याळ कधी आणता? त्या भिंतीजवळ जाऊन उभ्या राहतात हो. नुसत्या खिळ्याकडे बघत."

"झालंच आहे," मी म्हणालो. "थोडं राहिलंय."

५

पुष्पाला शेवटी सांगितलं. सगळं नाही. डाग येतो आणि तो अक्काच्या अंगठ्यासारखा आहे, एवढंच. वाटलं ती हसेल.

ती हसली नाही. हातातला लसूण तसाच ठेवून म्हणाली, "तुम्ही तो पुसता?"

"मग काय करू?"

"काय करू म्हणजे? जसं आहे तसं उचला आणि धुळ्याला टांगून या. आजच जा. त्यांना चकचकीत कुठे पाहिजे आहे? त्यांना ते तिथे पाहिजे आहे."

"कळस गुलाबी पडलेत अजून. आणि लॅकर मारायचं राहिलंय. लॅकर नाही मारलं तर चार दिवसांत पुन्हा काळं पडेल."

"पडू द्या ना."

खरं सांगायचं तर मला ते काम अर्धवट सोडवत नव्हतं. इतक्या वर्षांनी हाताला एखादी गोष्ट जमत होती. अक्कासमोर ते झळाळतं घड्याळ उभं करायचं, ती काय म्हणेल ते ऐकायचं, हे मी मनात कितीदा रंगवून ठेवलं होतं. गुलाबी कळस आणि चरे पडलेली चकती घेऊन तिच्यासमोर जायचं जिवावर आलं होतं.

आखाजी आली आणि गेली. गल्लीत झोके बांधले, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, पुष्पाने पुरणपोळ्या केल्या. मी फोन करून सांगितलं, "अक्का, पुढच्या आठवड्यात आणतो."

"काय?" अक्का म्हणाली.

"घड्याळ."

"आमना घरमा शे ना घड्याळ," ती म्हणाली. आवाज हलका झाला होता, कोवळा. "बाबा चावी देवाले माले सांगतस."

मी विचारलं, "अक्का, प्रेमराज कुठे आहे? तुझा मुलगा?"

ती लाजल्यासारखी हसली. "मनं लगीन कव्हय व्हयनं?"

दुसऱ्या दिवशी कडीवर जो डाग आला तो लहान होता. मी माझी करंगळी त्याच्यावर धरून पाहिली. करंगळीच्या टोकाएवढा अंगठा. रेघा अगदी बारीक, दाट, नव्या. आणि त्यात चीर नव्हती.

मला ते लगेच समजलं नाही. समाधानच वाटलं आधी, की हा अक्काचा नाही, म्हणजे इतके दिवस मीच वेड्यासारखा काहीबाही जुळवत होतो. घासून टाकला. हात धुताना, नळाखाली, ध्यानात आलं. विळी लागली तेव्हा मी झोळीत होतो. ज्या अंगठ्यावर ती खूण नाही, त्या अंगठ्याच्या वेळी मी जन्मलेलोच नव्हतो.

६

त्यानंतर खोलीत जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण लॅकरची बाटली आणून ठेवली होती. आज मारायचं, उद्या वाळेल, परवा घड्याळ बांधून बसमध्ये बसायचं. एवढं झालं की सुटलो. दुपारी पुष्पा शेजारी कुणाकडे पापड लाटायला गेली होती. कूलर बंद होता. घरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती.

कडी टेबलाच्या काठाशी उभी धरून मी शेवटचं कापड फिरवत होतो. पितळ इतकं उजळलं होतं की त्यात माझ्या मागची सगळी खोली वाकून दिसत होती. दार, कॉट, कॉटवरची पेटी. मी, मोठं नाक आणि छोटं कपाळ असलेला. आणि टेबलाची कड.

टेबलाच्या कडेवर खालून बोटं आली.

आधी टोकं दिसली. मग थोडी वर. चवड्यांवर उभं राहून हात पोचवताना लहान मूल धरतं तशी कड धरली होती. नखं काळी होती. बोटं थांबली, मग एकेक करून पुढे सरकली, चाचपडत, कडीच्या दिशेने. मी थेट टेबलाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, नुसतं वर्तमानपत्र. पितळेत पाहिलं. पितळेत ती माझ्या हाताजवळ पोचली होती, आणि टेबलाच्या कडेमागून केसांचा भांग वर येत होता. तेल लावून चापून बसवलेला. अजून थोडं वर आलं असतं तर कपाळ दिसलं असतं.

कडीला माझ्या हातात हिसका बसला. जोराचा नव्हता. आपण हातातली वस्तू सोडावी म्हणून मूल ओढून पाहतं, तेवढाच.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. कडी वर उचलून छातीशी धरली एवढं आठवतं. पाहिलं तर काठावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे, ओले. काचेवर फुंकर मारल्यावर वाफ धरते तसे. ती वाफ कडांकडून आटत होती आणि खाली पितळ काळं पडत होतं.

मी ते पुसलं.

पुढे मी स्वतःला बरंच काही सांगितलं. की घाबरलो होतो. की हातात कापडच होतं, हात आपोआप चालला. ते खरंही आहे. पण पुसताना ती कुणाची बोटं आहेत हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी पुसत राहिलो. एकही रेघ राहिली नाही तोपर्यंत. मग बाटली उघडली आणि कडीला आतून बाहेरून लॅकर मारलं. कुठेही उघडं पितळ राहू दिलं नाही. वास घरभर पसरला. तो विरेपर्यंत मी अंगणात उन्हात उभा होतो.

७

नंतर डाग आला नाही. मी वाट पाहिली, हे सांगताना लाज वाटते. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं. कडी सोन्यासारखी चमकत होती आणि तिच्यात मी एकटाच होतो. पेटीतून आवाज नाही. कॉटवर नाही, टेबलावर नाही. खोली नुसती खोली झाली.

संध्याकाळी दिपमालाचा फोन आला. "मामा, आई काल दुपारपासून बोलतच नाहीत. खातात, पितात, पण तोंडातून शब्द नाही. झोपेतून दचकून उठल्या, हात झटकले, आणि तेव्हापासून अशा. एकदा येऊन जाल का?"

पुष्पा माझ्याकडे बघत होती. थिनर घेतलं, कापूस घेतला आणि कडीवरचं लॅकर काढायला बसलो. लॅकर चिकट होऊन निघालं, पितळेवर ढगासारखे पट्टे राहिले. मी ते उघडं पितळ टेबलाच्या कडेशी ठेवलं, जिथे हात पोचेल असं. मान फिरवून बसलो. हळू आवाजात, कुणी ऐकत नाही असं पाहून, म्हणालो, "अक्का, घे. मी नाही पुसत."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. खिडकीतलं तिरपं ऊन विझत गेलं. पितळ तसंच राहिलं.

८

सकाळच्या बसने धुळ्याला निघालो. घड्याळ चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. शेजारचा माणूस म्हणाला, "काय आहे भाऊ, देव आहे का?" मी मान हलवली, कशी ते मलाच कळलं नाही.

प्रेमराजने घड्याळ जुन्या खिळ्यावर टांगलं. यंत्र मी बसवून आणलं होतं, चावी दिली, लंबक हलला. दिपमाला म्हणाली, "किती सुंदर झालं, मामा." मग तिने अक्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

अक्का खाटेवर पाय हलवत बसली होती. तिने घड्याळाकडे एकदा पाहिलं, जसं पंख्याकडे पाहावं, आणि नजर खिडकीकडे नेली. मी तिच्या हातात किल्ली दिली. तिने ती मांडीवर ठेवली, मग किल्ली खाली घसरली. दोघींनाही, किल्लीला आणि तिला, त्याचं काही नव्हतं.

मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा उजेडात धरला. चीर नव्हती. चीरच काय, काहीच नव्हतं. बोटांची टोकं गुळगुळीत, तकतकीत होती, खिडकीचा उजेड त्यांच्यावरून घसरत होता.

"रेशनच्या मशीनवरही अंगठा लागत नाही आता," दिपमाला मागून म्हणाली. "महिन्यापूर्वी लागत होता. दुकानदार म्हणतो, म्हाताऱ्या माणसांच्या रेघा झिजतात."

"हो," मी म्हणालो. "झिजतात."

दिपमालाने गोड शिरा करून आणला. अक्काला चमच्याने भरवला. थोडा हनुवटीवर सांडला. मी सहज खिशातून रुमाल काढला आणि तिचं तोंड पुसायला पुढे झालो.

अक्काने रुमाल पाहिला. ती मागे सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले. डोळे मोठे झाले होते. दोन दिवसांनी तिच्या तोंडातून शब्द निघाला. आवाज म्हातारीचा नव्हता.

"पुसू नको, बाबा," ती म्हणाली. "आते परत नही येवाव मी."

दिपमाला माझ्याकडे पाहत राहिली. मी रुमाल खिशात ठेवला. खाटेवरून उठून खाली, तिच्यापासून लांब, जमिनीवर बसलो, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, तिला दिसतील असे.

पावसाळा संपत आला आहे. मी दर आठवड्याला धुळ्याला जातो. घड्याळ पुन्हा काळं पडायला लागलंय, त्याला कुणी हात लावत नाही. अक्का तब्येतीने बरी आहे. दिपमालाच्या हातून जेवते, प्रेमराजचं बोट धरून अंगणात फिरते, शेजारच्या बायकांनी बांगड्या दिल्या तर हात पुढे करते. परवा मी गेटपाशी चपला काढत होतो तेव्हा ती ओट्यावर बसून चुरमुरे खात होती. माझी चाहूल लागली. तिने वर पाहिलं, मूठ तशीच मिटली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका," दिपमाला म्हणाली. "तुम्ही आलात की तेवढ्यापुरतंच असं करतात."